घासणे, घोटणे, माखणे

झाशीचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार उभी राहते, आणि ते योग्यच आहे. मी आज बोलणार आहे तो विषय मात्र त्याच शहरातील एका दुकानाच्या फळीपाशी सुरू होतो. मोटारगाडीला यंत्राने चकाकी आणायची झाल्यास त्या यंत्राबरोबर कोणते पॉलिश घ्यावे, एवढाच तो प्रश्न. तो क्षुल्लक वाटेल; मलाही वाटला होता. परंतु त्याचा माग काढता काढता मी शिकलगारांच्या साणेपर्यंत जाऊन पोहोचलो, आणि तेथून परत येईतो माझे त्या बाटल्यांकडे पाहण्याचे डोळे बदलले होते.

झाशी हे माझे आजोळ. नारो शंकर १७४२ साली सुभेदार म्हणून तेथे गेले, पुढे नेवाळकर आले, आणि त्यांच्या आश्रयाने कोकणातील व देशावरील अनेक घराणी बुंदेलखंडात स्थायिक झाली. आमच्या मामांचे घराणे त्या मानाने नवे. रेल्वेच्या नोकरीपायी तिकडे गेलेले. मामांनीही सारी हयात रेल्वेच्या कारखान्यात काढली. निवृत्तीनंतर त्यांच्यापाशी दोन गोष्टी उरल्या, हत्यारांची एक पेटी आणि एक अँबॅसडर गाडी. खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतो. मामा त्या दिवशी पाने, हातोड्या, कानस, मामींची शिवणकामाची कात्री हे सगळे पाटावर मांडीत आणि दाराशी उभ्या असलेल्या गाडीलाही हळदकुंकू वाहत. मामा गेले, तरी मामींनी हा परिपाठ मोडलेला नाही. एका नवरात्रात मी तेथे असताना त्यांनी मला सांगितले, "अरे, सदर बाजारात जाऊन गाडीचे पॉलिश तेवढे घेऊन ये. शेजारच्या मुलाने यंत्र आणले आहे, तो म्हणतो मी फिरवून देतो."

मी गेलो. दुकानदाराने फळीवरून एकामागून एक सात बाटल्या उतरवल्या. सातांवरही पॉलिश हाच शब्द होता. एकीतला पदार्थ दह्यासारखा दाट व बोटांना किंचित खरखरीत, दुसरीतला दुधासारखा पातळ, तिसरीत पिवळसर मेण. "कौन सा दूँ?" त्याने विचारले. मला उत्तर देता येईना.

माझ्या संकोचाला कारण होते. त्याच्या दोन वर्षे आधी मामींनी ही गाडी एका ठिकाणी चकाकी आणण्यासाठी दिली होती. गाडी चकाकत परत आली खरी. परंतु बॉनेटच्या पुढल्या कडेवर बोटभर रुंदीचा एक पट्टा असा होता, की तेथील पांढरा रंग पार निघून जाऊन खालचे तांबडे अस्तर उघडे पडले होते. गाडीचा तो मूळचा रंग होता. मामांनी तो कधी नव्याने मारू दिला नव्हता. काम करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या हाती जोरदार यंत्र होते आणि यंत्राखाली भलतीच बाटली होती. मामी काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून गाडीवर आच्छादन घालताना त्या कडेवर एक जुने मऊ लुगडे घडी करून ठेवू लागल्या.

आता या गोंधळाचे मूळ पाहा. ते निम्मे तरी शब्दात आहे. पॉलिश हा शब्द आपण इंग्रजीतून उचलला आणि तीन निरनिराळी कामे त्या एका शब्दाच्या झोळीत टाकली. मराठीत त्या कामांना तीन क्रियापदे होती आणि आहेत. खरखरीत पदार्थाने वरचा थर काढून टाकणे म्हणजे घासणे. बारीक पदार्थाने वा गुळगुळीत हत्याराने पृष्ठभाग सपाट व तुकतुकीत करणे म्हणजे घोटणे. आणि वरून तेल, मेण वा लाख यांचा पातळ लेप देणे म्हणजे माखणे. आपल्या आज्या पितळेला राख, तांब्याला चिंच आणि मोत्यांच्या नथीला केवळ ओलसर मऊ फडके वापरीत. तिन्हींना एकच पदार्थ लावावा असे त्यांच्या स्वप्नातही आले नसते. राख घासते, चिंचेतले आम्ल तांब्यावरचा काळपट थर विरघळवते, आणि मोत्याला यांतले काहीही लावले तर मोती जातो. तरीही एक नुकसान त्यांनाही टाळता आले नाही. कोणत्याही जुन्या घरातील देव्हाऱ्यात चांदीचे टाक पाहा. पाचसहा पिढ्यांनी दर सणाला घासून उजळलेल्या त्या टाकांवर देवाचे नाकडोळे राहिलेले नसतात. चकाकी असते, मूर्ती गेलेली असते. घासण्याने आलेली चकाकी नेहमी कशाच्या तरी मोबदल्यात येते, आणि तो मोबदला वस्तूच्या अंगातून कापून घेतला जातो.

ही गोष्ट धंदा म्हणून ज्यांना पुरती ठाऊक होती ते आपले शिकलगार. अरबीत सैकल म्हणजे चकाकी देणे. फारसीच्या वाटेने तो शब्द आपल्याकडे शिकल म्हणून आला, आणि हत्यारांना शिकल करणारा तो शिकलगार. महाराष्ट्रात हे आज आडनाव म्हणून आपल्या परिचयाचे आहे. जेथे फौज तेथे शिकलगार, हा उत्तर व दक्षिण हिंदुस्थानचा शेकडो वर्षांचा नियम होता, आणि नेवाळकरांची झाशी त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. त्यांचे यंत्र साधे होते. दोन खुंटांमध्ये आडवा बसवलेला लाकडी कणा, त्यावर साणेचे चाक, कण्याला गुंडाळलेली चामड्याची वादी, आणि ती वादी आळीपाळीने दोन्ही बाजूंना ओढणारा एक पोऱ्या. चाक काही फेरे इकडे, काही फेरे तिकडे असे फिरे. चाकाचे अंग कुरुंदाच्या चुऱ्याचे. हा चुरा वितळलेल्या लाखेत कालवून त्याचे चाक ओतीत. कुरुंद हा हिऱ्याच्या खालोखाल कठीण खनिज. १८१२ साली फ्रीडरिख मोस याने खनिजांच्या काठिण्याची जी श्रेणी लावली तीत हिऱ्याला दहा, कुरुंदाला नऊ आणि गारगोटीला सात हे आकडे आहेत. युरोपने कुरुंदाचे नाव आपल्या देशी भाषांतूनच घेतले. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम्. बुंदेलखंडाच्या पूर्वेस रेवा संस्थानात पिपरा येथे या दगडाची प्रसिद्ध खाण होती.

शिकलगार एका चाकावर भागवीत नसे. भरड चुऱ्याचे चाक, मग बारीक चुऱ्याचे, मग तेलात भिजवलेल्या भुकटीने हाताने घासणे, आणि शेवटी पोलादी घोटणीने घोटणे असा त्याचा क्रम. त्यातही पाते कोणते यावर सारे अवलंबून. साध्या लोखंडी पात्याला जे चाले ते जौहरदार पोलादाला चालत नसे. तलवारीचे पाणी हा शब्दप्रयोग आपण सहज करतो, परंतु चांगल्या पोलादात ते पाणी खरोखर डोळ्यांना दिसते. लाटांसारखी वा दोरखंडाच्या पिळासारखी नक्षी पात्याच्या अंगातच असते. नको तेवढे घोटले तर पाते आरशासारखे होते आणि ती नक्षी दिसेनाशी होते. म्हणून कुशल कारागीर पाते हिशेबाने उजळून त्यावर हिराकसाचे पाणी लावीत, की ज्यायोगे पोलादाचे कमीअधिक कठीण भाग निरनिराळे रंग धरीत आणि पाणी वर येई. मला हे फार महत्त्वाचे वाटते. या माणसाच्या मनात चकाकी हे साध्य नव्हते. पाते आहे तसे दाखवणे हे साध्य होते.

शिवाय त्याच्या बाजूला एक गोष्ट होती, ती म्हणजे मंदपणा. वादी ओढणारे पोर दमत असे, चाक दर क्षणी थांबून उलटे फिरत असे, पाते गरम होण्याआधी हाताला कळत असे. चूक झालीच तर ती हळूहळू होई आणि अर्ध्यावर थांबवता येई.

१८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजची फौज झाशीपुढे आली. राणीसाहेबांनी त्यापूर्वीच शहरात तोफा ओतवण्याची आणि दारूगोळ्याची व्यवस्था लावली होती. वेढ्याचे ते दिवस आणि त्यानंतरची लूट वरसईच्या विष्णुभट गोडशांनी स्वतः शहरात राहून पाहिली. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला, तो आपल्यापैकी बहुतेकांनी वाचला असेल. गुलाम घौसखानाच्या नावाशी जोडलेली कडक बिजली तोफ आजही किल्ल्यात आहे, उन्हापावसात आपला काळवंडलेला रंग घेऊन, आणि तिला कोणी उजळू नये अशीच माझी प्रार्थना आहे. शहर पडले. त्यानंतर हत्यारे जप्त झाली, आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणेच गुन्हा ठरवले. ज्याच्या गिऱ्हाइकापाशी तलवारच उरली नाही त्या शिकलगाराने काय करावे? त्याने विळ्या, कात्र्या, वस्तरे घेतले. आज गल्लीत सायकल उभी करून, तिच्या पायट्यांवर साण फिरवून सुऱ्यांना धार लावणारा माणूस दिसतो, तो त्या धंद्याचा उरलेला वारस. त्याच्यापाशी चाक राहिले. घोटणी आणि हिराकस गेले, कारण कात्रीला ते लागत नाहीत.

झाशीला चाक पुन्हा मोठ्या प्रमाणावर आले ते आगगाडीबरोबर. १८८९ पर्यंत इंडियन मिडलँड रेल्वेचे फाटे भोपाळ, ग्वाल्हेर, कानपूर आणि माणिकपूर या दिशांना झाशीहून जोडले गेले. १८९५ साली तेथे रेल्वेचा कारखाना उभा राहिला. १९०० साली ती रेल्वे जी. आय. पी. कंपनीने चालवायला घेतली आणि मुंबईशी झाशीचा संबंध पक्का झाला. या कारखान्याचे काम मुख्यतः इंजिने आणि मालडबे यांची दुरुस्ती. मालडब्याला चकाकी कशाला, असे आपण म्हणाल. मामांना मी लहानपणी हेच विचारले होते. त्यांनी सांगितलेले उत्तर माझ्या स्मरणात आहे. डब्याच्या आसाचा जो भाग बेअरिंगमध्ये फिरतो तो आरशासारखा घोटलेला लागतो. त्यावर एक ओरखडा राहिला तर तेलाचा पापुद्रा तेथे तुटतो, धातूवर धातू घासते, आस तापतो, आणि धावत्या गाडीत पेटीतून धूर निघू लागतो. म्हणून तो भाग कातून झाल्यावर कठीण पोलादी रुळाखाली दाबून घोटायचा, घासायचा नाही. "घासला की चमकतो, पण घोटला की टिकतो," असे ते म्हणत. शिकलगाराची घोटणी रेल्वेच्या लेथवर जाऊन बसली होती.

एक योगायोग सांगतो. झाशीचा कारखाना निघाला त्याच १८९५ साली जर्मनीत श्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्यात हातात धरून चालवण्याचे पहिले विजेचे भोकयंत्र तयार झाले. त्यापूर्वी वस्तू उचलून यंत्राकडे न्यावी लागे. आता यंत्र वस्तूकडे जाऊ लागले. आणि त्याच्या चार वर्षे आधी, १८९१ मध्ये, अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन याने विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोळसा एकत्र तापवून कुरुंदाहूनही कठीण असा कृत्रिम पदार्थ मिळवला होता, त्याला आपण कार्बोरंडम म्हणतो. हातात मावणारी मोटर आणि भट्टीत हवे तितके बनवता येणारे घर्षक, ही दोन साधने चार वर्षांच्या अंतराने जगात आली. फक्त मोटारगाडीला त्यांची गरज लागावी एवढेच बाकी होते.

ती गरज रंगाने आणली. पहिल्या मोटारगाड्यांना घोडागाड्यांसारखाच रंग देत. तेलरंगाचे व व्हार्निशचे थरावर थर, प्रत्येक थर वाळण्याची वाट, प्रत्येक थरावर प्युमिस दगडाच्या भुकटीने पाण्यात हलकेच घासणे. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. पहिल्या महायुद्धात दारूगोळा बनवणाऱ्या अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीपाशी नायट्रोसेल्युलोजचे ज्ञान आणि कारखाने पडून होते. तोफेत जाणाऱ्या द्रव्याच्याच भाईबंदापासून त्यांनी झटपट वाळणारा रंग काढला. त्याचे नाव ड्यूको. १९२४ च्या ओकलंड मोटारी त्या निळ्या रंगात आल्या, आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आपल्याकडे सुतारसुद्धा आज "ड्यूको मारून देतो" म्हणतो तो शब्द तेथला. परंतु या रंगात एक उणीव होती. तो इतक्या झटकन वाळे की त्याचा पृष्ठभाग सपाट होऊन चकाकायला वेळच मिळत नसे. तो फवारल्यावर मंद दिसे. नंतर घासून, घोटून चकाकी आणावी लागे. हजारो गाड्या हाताने कोण घासणार? म्हणून विजेच्या हातयंत्रावर लोकरीची गादी चढली आणि तिच्याखाली दाट लगदा आला. त्या लगद्याला कंपाउंड हे नाव पडले. बाटलीवर तेव्हा ते नाव स्पष्ट असे. आता सगळ्यालाच पॉलिश म्हणतात.

येथे थोडे थांबून, चकाकी म्हणजे मुळात काय, याचा शास्त्रज्ञांनी जो वाद केला तो सांगावासा वाटतो, कारण बाटली निवडण्याशी त्याचा सरळ संबंध आहे. न्यूटनने १७०४ च्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात म्हटले, की घोटणे म्हणजे दुसरे काही नसून मोठे ओरखडे काढून त्या जागी इतके बारीक ओरखडे पाडणे, की ते डोळ्यांना दिसू नयेत. दोनशे वर्षे हे चालले. मग ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज बील्बी याने १९२१ च्या ग्रंथात प्रतिपादन केले, की घोटताना पृष्ठभागाचा थर द्रवासारखा वाहतो आणि खड्डे भरून काढतो. १९३७ साली केंब्रिजचे बाउडन आणि ह्यूज यांनी एक मोठा गमतीदार प्रयोग केला. त्यांनी कापराने धातू घोटून पाहिले. होय, आपल्या आरतीतला कापूर. तो १७५ ते १८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो. सुमारे ७० अंशांनाच वितळणाऱ्या वूडच्या मिश्रधातूला त्या मऊ कापराने चकाकी आली, परंतु कापराहून जास्त उष्णतेला वितळणाऱ्या धातूंवर त्याचा परिणाम होईना. म्हणजे काठिण्य हेच सर्वस्व नव्हे. घर्षणाची ऊबही काम करते. पुढे १९५० नंतरच्या सूक्ष्मदर्शकांनी धातूंच्या बाबतीत न्यूटनची बाजू पुष्कळशी उचलून धरली. मला स्वतःला वाटते, की मोटारीच्या रंगापुरते दोघांचेही ध्यानात ठेवावे. रंग हा धातूच्या मानाने मऊ आणि उष्णतेला हळवा. त्यावर कण कापतात, आणि ऊब त्याला सैल करते. मिनिटाला दीडदोन हजार फेरे घेणारी गादी एका जागी चारपाच क्षण स्थिर राहिली तर त्या जागी काय होते, ते मामींच्या बॉनेटवर लिहिलेले आहे. आणि कडेवरच का? कारण ओला रंग धारदार कडेवरून मागे सरतो, तेथे तो मुळातच सर्वांत पातळ असतो.

आता पातळ म्हणजे किती, तेही ऐका. आजच्या गाडीवर रंगाचा थर आणि त्यावर बिनरंगी थर असे दोन थर असतात. चकाकी असते ती वरच्या बिनरंगी थराची. त्याची जाडी साधारण चाळीस ते पन्नास मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. एकदा जोराने घासले की त्यातून दोनचार मायक्रॉन जातात. जुन्या अँबॅसडरसारख्या गाडीला असा वेगळा थर नाही. रंग तोच आणि चकाकीही त्याचीच. कोणती गाडी कोणत्या प्रकारची हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडे सौम्य पॉलिश घेऊन कोपऱ्यात चोळावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर थर एकच. फडके गाडीच्या रंगाने माखले नाही तर वर बिनरंगी थर आहे. पांढऱ्या गाडीला मात्र ही युक्ती फसवते, फडके काळे घ्यावे लागते. आमच्या वेळी माझ्या हे ध्यानात आले नव्हते.

तर त्या सात बाटल्या. त्यांतली दाट, खरखरीत होती ती घासण्याची. खोल ओरखड्यांसाठी, रंग नव्याने मारल्यावर त्यावरची संत्र्याच्या सालीसारखी खडबड काढण्यासाठी. लोकरीच्या गादीबरोबर ती फार वेगाने खाते. मधल्या तीनचार घोटण्याच्या, कमीअधिक बारीक. फोमच्या गादीवर वापरायच्या. यांतील काहींचे कण दाबाखाली फुटत फुटत बारीक होत जातात, म्हणजे सुरुवातीला घासतात आणि शेवटी घोटतात. शिकलगाराची भरड आणि बारीक अशी दोन चाके एका बाटलीत घातल्यासारखे हे आहे. मात्र कण पुरते फुटेपर्यंत काम चालू ठेवावे लागते, अर्ध्यावर सोडले तर धुरकट वलये राहतात. उरलेल्या माखण्याच्या. त्यांत ब्राझीलच्या ईशान्य भागातील ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नौबा मेण असते, ते सुमारे ८२ ते ८६ अंशांना वितळते, मधमाशांचे मेण त्याआधीच ६२ ते ६४ ला. झाशीचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून पुष्कळ तापतो, तेव्हा हा फरक नुसता कागदावरचा नाही.

फसवणूक होते ती बहुधा मधल्या बाटल्यांत. काहींत तेले आणि भराव घातलेले असतात. ते ओरखड्यांत जाऊन बसतात आणि गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसते. दोनचार धुण्यांत भराव निघून जातो, ओरखडे जेथल्या तेथे. काहींत सिलिकोन असते. ते रंगाच्या कामाजवळ नेऊ नये, कारण त्याचा अंश राहिलेल्या पत्र्यावर नवा रंग फवारला की त्यात बारीक खळगे पडतात. म्हणून जाणते रंगारी ती बाटली आपल्या खोलीत येऊ देत नाहीत.

यंत्रेही दोन जातींची. एक सरळ एका अक्षाभोवती फिरणारे, जोरदार, गरम होणारे. दुसऱ्यात गादी आपल्याभोवती फिरते आणि शिवाय केंद्र सोडून लहानसा घेरा घेते. जास्त दाबले तर तिचे फिरणे थांबते. हे दुसरे यंत्र मंद आहे म्हणून घाईतले लोक त्याला नावे ठेवतात. मला ते पाहून वादी ओढणाऱ्या पोराची आठवण होते. एका दिशेने अखंड फिरत न राहिल्यामुळे ते चूक उशिरा करते. शेजारच्या मुलाचे यंत्र सुदैवाने या जातीचे होते.

आणि बुंदेलखंडात राहणाऱ्याने आणखी एक ओळखावे. तेथली भूमी ग्रॅनाइटची. खडी फोडणाऱ्या यंत्रांतून उडणाऱ्या धुळीत गारगोटीचे कण असतात, काठिण्य सात. गाडीचा रंग त्यापुढे मेणासारखाच. अशी धूळ साचलेली गाडी सकाळी कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे रोज थोडे घासणेच, आणि तेही गोल गोल. उन्हात गाडीवर जी कोळ्याच्या जाळ्यासारखी वलये दिसतात ती बहुतेक त्या फडक्याची. ती काढायला मग पॉलिश, आणि पॉलिश म्हणजे आणखी थोडा थर. पाणी आधी, फडके मागून, एवढे पाळले तर निम्मे वेळा बाटलीची गरजच पडत नाही. हे दुकानदाराला रुचणार नाही.

मी सातांपैकी सर्वांत पातळ घोटण्याची एक आणि मेणाची एक अशा दोन बाटल्या घेतल्या. घरी आल्यावर शेजारच्या मुलाने तोंड वाकडे केले. त्याच्या मते एवढ्या सौम्य पॉलिशने काही होणार नव्हते. मी त्याला मागच्या दारावर दोन वितींचा चौकोन आखून दिला. गाडी सावलीत, पत्रा धुतलेला, कडांना चिकटपट्टी लावलेली. त्याने चार वेळा आडवे, चार वेळा उभे फिरवले, पुसले, आणि गप्प राहिला. चौकोनात समोरच्या कडुनिंबाची पाने मोजता येत होती. जे तेवढ्याने भागते तेथे दाट बाटली उघडायचीच कशाला? दारावर दोन खोल ओरखडे राहिले. त्यांच्या तळापर्यंत जायचे तर भोवतालचा सगळा रंग तेवढा उतरवावा लागला असता. ते राहू दिले.

बॉनेटच्या त्या कडेवर यंत्र नेले नाही. तेथे माखण्यावाचून काही करण्यासारखे नव्हते. तांबड्या अस्तराला हवा लागून गंज चढू नये म्हणून हाताने मेण लावले, दोनदा. मुलगा म्हणाला, "चाचीजी, एवढ्या जागेवर रंग मारून देतो, कळणारसुद्धा नाही." मामींनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाटावर पाने, हातोड्या, कानस, कात्री. मामींनी गाडीला कुंकू लावले ते बॉनेटच्या मध्यावर नव्हे, त्या उघड्या पट्ट्याच्या अगदी शेजारी, आणि ताटातल्या झेंडूच्या फुलांपैकी एक तेथे टेकवून मला म्हणाल्या, "त्या दोन बाटल्या यांच्या पेटीतच ठेव. आणि वर लिहून ठेव कोणती कशाची, पुढल्या वर्षी मी कोणाला विचारू?"

मी चिकटपट्टीच्या दोन तुकड्यांवर शाईने लिहिले आणि ते बाटल्यांवर डकवले. एकीवर ‘घोटणे’, दुसरीवर ‘माखणे’.